काजाचं पान

ठमीने संगणकाच्या पडद्यावर, आवाजाच्या रेषेवरचा टोकदार तुकडा निवडला आणि पुसून टाकला. आता फक्त आई बोलत होती. मध्ये काही कापलंय, याची शंकासुद्धा येत नव्हती. पुसलेला आवाज ठमीचा स्वतःचा होता.

घशाचं ऑपरेशन झालं की आवाज परत येणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हणून त्याआधीच ठमीने आईला शिलाई मशीनपाशी बसवून तिचं बोलणं फोनवर टिपून घेतलं. आईचा जन्म कपडे शिवण्यात गेलेला, आणि बोलायची तर ऐसपैस. कॉलरवरून निघाली की गिऱ्हाइकाच्या सासूपर्यंत पोचायची. ठमीच्या डोक्यावर ऑफिसचं काम होतं. ती गुरं हाकावीत तशी आईला मुद्द्यावर आणत राहिली.

ठमीच्या संगणकावर तिचा खासगी विकी होता, एकमेकांना जोडलेल्या पानांचा. त्यात तिने आता आईची पानं सुरू केली होती. ओळ वाचता वाचता एक छोटा त्रिकोण यायचा. तो दाबला की पुढचं वाक्य आई आपल्या आवाजात पुरं करायची.

ऑपरेशन होऊन घरी आलेली आई दुपारी गळ्याभोवतीचा रुमाल सारखा करत शेजारी येऊन बसली. ठमीने तिला काजाचं, म्हणजे बटणाचं घर कसं शिवायचं त्याचं, पान उघडून दिलं. आईने एकेक त्रिकोण दाबून स्वतःला ऐकलं. मग फोनवर लिहून पुढे धरलं : मी कुणाशी बोलतेय?

"माझ्याशीच की."

तू कुठे आहेस पण?

ठमी पडद्याकडे बघतच म्हणाली, "मध्ये मध्ये माझी कटकट होती. ती काढली."

आईने बोटाने खूण केली. लाव.

मूळ ध्वनिफीत पुसायचा धीर ठमीला झाला नव्हता. तिने ती लावली. मशीनची घरघर थांबली आणि आई म्हणाली, "तू पोटात होतीस ना, तेव्हा याच मशीनवर एकदा काय झालं..." लगेच ठमीचा आवाज आला, फोन तिच्याच हातात असल्यामुळे जास्तच मोठा. "आई, ते राहू दे. काजाचं सांग."

मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली. मग, "बरं. काजाचं."

ठमीने बंद केलं. घसा खाकरला आणि आईसमोर आपण घसा खाकरतोय, याचीच तिला लाज वाटली.

"काय झालं होतं तेव्हा?" तिने विचारलं.

आई लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. मग सगळं खोडून एवढंच ठेवलं : सांगण्यात गंमत होती गं. लिहून नाही जमायची.

मग तिने पडद्यावर, काज या शब्दाच्या पुढे बोट टेकवलं. ठमीला कळलं. तिने ती अख्खी फीत, काहीही न कापता, त्या ओळीत बसवली आणि नीट वाजतेय का बघायला त्रिकोण दाबला.

स्वतःचा आवाज यायची वेळ आली तशी ठमी तो बारीक करायला गेली. आईने तिचा हात धरून ठेवला.