खंडोबाच्या गालावरचा फोड

“भावोजी, खंडोबाच्या गालावर फोड आलाय हो,” सुमेधावहिनी फोनवर म्हणाल्या.

मनोहर गजभियेनं हातातला घास परत ताटात ठेवला. “कुठल्या गालावर?” त्यानं विचारलं. प्रश्न वेडगळ होता. पण तेवीस वर्षं धातूवर धातू चढवत आलेला माणूस आधी जागा विचारतो, मग बाकीचं.

“उजव्या. मसुराएवढा आहे. बाकीचे चार टाक कसे लख्ख निघालेत, हाच एक असा. पुसायला गेले तर बोटाला पोकळ लागला. तुमच्या कामाला नावं नाही ठेवत मी. पण एकेकाच्या हाताचा गुण असतो, त्याला कोण काय करणार? यांना मी आधीच म्हटलं होतं.”

आधीच काय म्हटलं होतं, हे मनोहरनं विचारलं नाही. काही प्रश्नांना उत्तर मिळतं, आणि मग ते उत्तर आपल्यालाच सांभाळत बसावं लागतं. “टाक श्रीरामकडे देऊन ठेवा. मी बघतो,” एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला. वरणभात गार झाला होता.

शिकागोच्या पश्चिम टोकाला एका प्लेटिंग शॉपमध्ये मनोहर चांदीची लाइन सांभाळायचा. शाळा-कॉलेजांच्या बँडचे ट्रम्पेट, विजेच्या मोठ्या स्विचचे तांब्याचे तुकडे, चर्चमधले प्याले, असं सगळं त्याच्याकडे यायचं. तांब्यापितळेवर एकावर एक थर द्यायचे आणि वरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की वस्तू मुळातच चांदीची आहे. नागपूरहून बी.एस्सी. करून आलेला हा माणूस त्या कामात इतका मुरला होता की फोरमन स्टॅन नव्या पोरांना सांगायचा, मनोहरचा नग परत आला तर मला उठवून सांगा, मी झोपेत असलो तरी. तेवीस वर्षांत तसं कुणाला उठवावं लागलं नव्हतं.

श्रीराम बेलसरे आणि तो एकाच वर्षी, त्र्याहत्तर साली, इथे उतरले. डेव्हन ॲव्हेन्यूवर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघांनी आठ महिने काढले. एकाचं कुलदैवत जेजुरीचं, दुसऱ्याच्या बापानं नागपूरला दीक्षा घेऊन देव्हारा कायमचा रिकामा केलेला. पण घरात पातेलं एकच होतं, त्यामुळे शिवाशिवीचा प्रश्न पातेल्यानंच निकालात काढला. श्रीराम भात लावायचा, मनोहर रस्सा करायचा, आणि दोघं त्याच पातेल्यात चमचे घालून जेवायचे. पुढे दोघांची लग्नं झाली, पातेली वाढली, आणि हळूहळू मैत्री दिवाळीच्या फोनावर आली. भांडण म्हणाल तर कधी झालं नाही. झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं.

आणि मग यंदाच्या एप्रिलमध्ये श्रीरामचा फोन आला. आई गेली होती, देवघरातले टाक त्याच्या वाटणीला आले होते. चार पिढ्यांच्या हातांनी पुसून पुसून चांदी झिजलेली, खंडोबाच्या तोंडावर आतलं तांबं दिसायला लागलेलं. जुलैत नकुलचं लग्न, त्याआधी कुळाचार. “मन्या, तू चांदीच चढवतोस ना रे?” त्यानं विचारलं. मन्या ही हाक मनोहरनं कितीतरी वर्षांनी ऐकली, आणि तो नाही म्हणूच शकला नाही.

टाक द्यायला नवराबायको दोघं आले होते. मखमलीची डबी टेबलावर ठेवताना वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “म्हणजे तिथे प्रत्यक्ष काम ते पोलंडकडचे लोकच करत असतील ना? तुम्ही वरून लक्ष ठेवत असाल.”

“चांदीला मी एकटाच असतो, वहिनी.”

“अच्छा,” वहिनी म्हणाल्या आणि डबी उगाच सरळ केली. श्रीराम खिडकीतून पार्किंग बघत होता.

ते गेल्यावर प्रतिमा नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. “बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण. आणि लोकांचे देव घरात आणून ठेवता?”

“पूजा कुठं करतोय? प्लेटिंग करतोय.”

“त्यांना फरक कळतो का तेवढा, ते बघा म्हणजे झालं,” प्रतिमा म्हणाली.

शनिवारी अर्धी शिफ्ट असते. शॉप रिकामं झाल्यावर मनोहरनं काम काढलं आणि बघायला श्रीरामही आला. टाक तारेला टांगून गरम सोड्याच्या टँकमध्ये सोडले, तसं शंभर वर्षांचं हळदकुंकू, तूप आणि उदबत्तीची काजळी पाण्यावर तरंगायला लागली. मग साधं पाणी. मनोहरनं टाक वर उचलून उजेडात धरले. “हे बघ,” तो म्हणाला, “पाणी सगळीकडे सारखं पसरलंय ना? कुठं फाटलं नाही, थेंब धरले नाहीत. म्हणजे स्वच्छ. एवढासा तेलकटपणा राहिला तरी पाणी तिथं फाटतं. आणि जिथं पाणी फाटतं तिथं चांदी धरत नाही. आता हात लावायचा नाही.”

हात लावायचा नाही, हे वाक्य मनोहरच्या आजोबांनी गावच्या विहिरीवर जन्मभर ऐकलं होतं. मनोहर ते गेली तेवीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवत होता, पोलिश पोरांना, गोऱ्या इन्स्पेक्टरला, एकदा तर खुद्द मालकाला. त्याची त्याला मनातून गंमत वाटायची. पण ती कळेल असं शॉपमध्ये कुणी नव्हतं, आणि ज्याला कळली असती तो श्रीराम समोर उभा असूनही सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

करंट लावायला तो पाठमोरा झाला. अर्धा मिनिट, फार तर एक. मग पाचही टाक चांदीच्या टँकमध्ये उतरले आणि तासाभरानं असे निघाले की श्रीरामचे डोळेच भरून आले. “आईनं बघायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. त्या दिवशी मनोहर फार खुशीत घरी गेला.

आणि आता हा फोड.

श्रीरामनं टाक शॉपमध्ये स्टॅनकडे ठेवला आणि न भेटताच गेला. जेवणाच्या सुट्टीत मनोहरनं तो भिंगाखाली धरला. मसुराएवढ्या फोडाच्या कडेला पातं घातलं, तशी चांदी सुटत गेली, सुटत गेली आणि अंगठ्याच्या पेराएवढा पापुद्रा सबंध हातात आला. कपाळापासून घोड्याच्या मानेपर्यंत देव पुन्हा तांब्याचा झाला. मनोहरनं पापुद्रा उलटा केला. आतल्या बाजूला रेषा होत्या, बारीक, गोल गोल, एकात एक. त्या रेषांना आडवी छेदून जाणारी एक तिरकी खूण होती.

ती खूण मनोहरला ठाऊक होती. डेव्हनच्या त्या खोलीत टोमॅटोचा डबा सुरीनं उघडताना श्रीरामनं उजवा अंगठा तिरका चिरून घेतला होता. रक्त थांबेना, तेव्हा मनोहरनं आपला एकुलता एक चांगला रुमाल फाडून तो बांधला होता.

त्यानं ऑफिसातून फोन लावला. “श्रीराम, त्या दिवशी तू हात लावलास का रे?”

“नमस्कार केला रे. तू पाठमोरा होतास. देव इतका स्वच्छ समोर दिसला आणि हात आपोआप गेला, अंगठा गालाला टेकला. एवढ्यानं होतं?”

“एवढ्यानंच होतं.”

“बरं मग… पुन्हा करता येईल ना?”

“येईल. पण वहिनींना सांग, माझ्या कामात खोट नव्हती म्हणून.”

“मन्या, ऐक ना,” श्रीरामचा आवाज खाली आला. “लग्न तोंडावर आलंय. घरच्या कर्त्या माणसाच्या हातानं देवाला फोड आला म्हटलं तर ती अंथरूण धरेल. अपशकुन अपशकुन करत बसेल. तुझ्याकडून झालं म्हटलं की समजून जाते.”

“काय समजून जाते?”

मनोहर रिसिव्हर कानाला लावून उभा राहिला. पलीकडे श्रीरामच्या ऑफिसात कुणीतरी इंग्रजीत हसत होतं. “तुला माहितीय रे, मी तसा नाही,” शेवटी श्रीराम म्हणाला.

“माहितीय,” मनोहर म्हणाला. त्याला खरंच माहीत होतं. त्याचंच त्याला जास्त लागलं.

रात्रीच्या जेवणात त्यानं घरात सांगितलं. प्रतिमानं भाताचं पातेलं टेबलावर आदळलं, म्हणजे ती फारच चिडली होती. त्याची सतरा वर्षांची लेक मैत्री हिनं पापुद्रा उजेडात धरून बघितला. “सो इट्स हिज थंबप्रिंट. जस्ट शो हर, बाबा.”

“त्याची बायको आहे ती. घरात राहायचंय त्याला.”

“ॲन्ड यू डोन्ट?” मैत्री म्हणाली. “आपण पण इथेच राहतो ना, सेम शिकागोमध्ये?”

मनोहरनं पापुद्रा तिच्या हातून घेऊन एका छोट्या पाकिटात ठेवला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीपर्यंत गजभियेच्या हाताचा गुण घरोघरी पोचणार, हे त्यालाही दिसत होतं. त्याच्याकडे दुसरं होतं काय? बंगला नव्हता, मंडळात पद नव्हतं. धरलेली चांदी सुटत नाही, एवढंच एक नाव होतं.

शनिवारी त्यानं टाकावरची सगळी चांदी उतरवली आणि पहिल्यापासून पुन्हा केलं. घाईनं नाही, रागानंही नाही. आपण ज्याला मानत नाही त्या देवाच्या मिशांची टोकं त्यानं मऊ ब्रशनं दोनदा घासली. पाणी कुठंही फाटलं नाही.

रविवारी दुपारी तो बेलसऱ्यांच्या घरी गेला. वाटेत त्यानं ठरवलं होतं की श्रीरामला एक संधी द्यायची. वहिनींनी ताम्हन पुढे केलं, त्यात त्यानं टाक ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, नखानं टोकरून बघितलं.

“आता कसा देखणा आलाय,” त्या मनापासून म्हणाल्या. “मग मागच्या वेळी काय चुकलं होतं हो तुमचं?”

मनोहरनं श्रीरामकडे बघितलं. श्रीराम टीव्हीकडे बघत होता. टीव्ही बंद होता. मनोहर थांबला, चांगला थांबला. आठ महिन्यांच्या एका पातेल्याला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा त्यानं दिला.

“माझं काही चुकलं नव्हतं, वहिनी,” मग तो म्हणाला. खिशातून पाकीट काढून त्यानं टेबलावर ठेवलं. “देव धुऊन झाल्यावर कुणीतरी उघडा हात लावला. चांदीनं तो जसाच्या तसा उचललाय. मागची बाजू बघा.”

वहिनींनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि पापुद्रा खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरला. वळल्या तेव्हा त्यांनी मनोहरकडे बघितलं नाही. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि श्रीरामनं उजवा हात खिशात घातला.

“बसा ना, भावोजी,” वहिनी म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू गेला असेल इतका बारीक. “चहा टाकते.”

“आज नको,” मनोहर म्हणाला. दाराशी जाऊन तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही बुटांच्या नाड्या सावकाश, नीट बांधल्या. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते लपवायची गरज त्याला वाटली नाही.

दाराबाहेर सोडायला वहिनी एकट्याच आल्या.