साय खाली, जॅम वर

मी परात बोलतेय. पितळेची, आतून कल्हईची, हातभर रुंद. इंग्लंडात, डेव्हनमधल्या लस्कम कुटुंबाच्या स्वयंपाकघरात माझा जन्म गेला. सकाळचं दूध माझ्यात ओतायचं, मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचं, ढवळायचं नाही. निवलं की बोटभर जाड पिवळी साय धरते. ती स्कोनला, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावाला, लावायची आणि तिच्यावर जॅम. आमच्याकडे साय खाली, जॅम वर. नदीपलीकडे कॉर्नवॉलात उलटं करतात, पण त्यांना विचारतंय कोण!

तर नेमकी नदीपलीकडचीच सून आमच्या घरात आली. मॉर्वेना. माझी मालकीण थर्झा हिची ही सून. थर्झाच्या मनगटांत संधिवात शिरला आणि भरलेली मी तिला उचलवेनाशी झाले. चर्चच्या उन्हाळी चहाला चाळीस वर्षं तिच्याच हातची साय असायची. यंदा तिथली व्यवस्था बघणाऱ्या हॅनफर्डनं निरोप धाडला, झेपत नसेल तर दुकानातले सायीचे डबे आणू. थर्झाला ते फार लागलं. तिनं सुनेला सांगितलं, तू कर, पण डबे येऊ देऊ नकोस.

सुनेनं काय केलं? विजेचा घुसळा आणला. पातळ क्रीमचा फेस केला, एका वाडग्यात लॅव्हेंडर, दुसऱ्यात लिंबू, तिसऱ्यात कॉफी. जांभळा, पिवळा, तपकिरी. गाईला पावडर लावून जत्रेत न्यावं तसला थाट. मी फळीवरून बघत होते आणि मनात म्हणत होते, कर बाई कर, तुझी हौस होऊ दे.

बिचारीनं ते सगळं माहेरच्या रीतीनं, जॅमच्या वर, स्कोनच्या माथ्यावर मिरवायला केलेलं. रविवारी चर्चच्या चहाला आमच्या गावच्या मंडळींनी सवयीनं तो फेस खाली फासला आणि वर स्ट्रॉबेरीचा जॅम थापला. रंग दिसला नाही, चव लागली नाही. चहाच्या तंबूतल्या उकाड्यानं उरलेल्या फेसाचं पाणी झालं.

"सगळं जॅमसारखंच लागतंय, पोरी," हॅनफर्ड म्हणाला. "पुढच्या वर्षी डबेच आणू."

घरी हे माझ्या कानावर आलं, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

सोमवारी सकाळी मॉर्वेना वाडगे घासता घासता रडत होती. थर्झानं मला खाली काढायला लावलं. म्हटलं, आता हिला खरी साय शिकवेल. थर्झानं दूध ओतून घेतलं आणि खिडकीतल्या कुंडीतली, गुलाबाच्या वासाची जिरेनियमची दोन पानं त्यात टाकली.

मी गारच झाले. हीच पानं तिनं नवी नवरी असताना टाकली होती. तिच्या सासूनं तेव्हा परातभर साय डुकरांना घातली, वर म्हणाली, आमच्या परातीत नाटकं नकोत. थर्झा रडली होती. आणि मी? मी अभिमानानं चमकत होते.

"फेसात चव टिकत नाही, दुधातच मुरू दे," थर्झा सुनेला म्हणाली. "मला उचलवत नाही, तू उचल. आणि गावात साय खालीच लावायची."

"आणि घरी, आई?"

"घरी जॅम खाली लाव. दार लावून."

मंगळवारी हॅनफर्डला बोलावलं. त्यानं तीन स्कोन खाल्ले. यात काय घातलंय, म्हणून विचारलं. थर्झा म्हणाली, साय. डब्यांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

गुलाबाचा वास अजून माझ्या काठाला आहे, घासून जात नाही. वाईट नाही, एवढंच म्हणेन. बायांनो, मला एकदा कल्हई करा. तो विजेचा घुसळा माझ्या शेजारी टांगू नका. आणि पुढे कधी एखादी सून कसलीही पानं घेऊन आली, तर मला न विचारता दुधात टाकू द्या. माझं ऐकाल, तर पुन्हा डुकरंच जेवतील.