अखंड पानं

वसुधाच्या हातांना त्या वर्षी मिऱ्यासारखा उग्र, ओलसर वास यायचा. साबणाने कितीही धुतले तरी तो बोटांच्या पेरांत रेंगाळायचा, आणि लोअर हट या आमच्या इथल्या गावच्या हिवाळ्यात, खिडकीच्या काचा घामेजलेल्या सकाळी, ती चहा गाळू लागली की वाफेबरोबर घरभर पसरायचा. कावाकावाचा वास. नागवेलीच्या जवळचं वाटावं असं हे इथलं झुडूप. माओरी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पानांचं औषध करत आलेले. माझी बायको प्रयोगशाळेत त्या पानांचा अर्क काढून पाहत होती, की तो पेशींची झीज किती रोखतो आणि पिष्टाची साखर करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, किती आवरतो.

तिकडे सांगलीत साखरेनेच तिच्या अण्णांची दृष्टी मंदावत चालली होती. पार दिसेनासं होण्याआधी लेकीला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं फोन कार्ड खरवडून ती दर रविवारी त्यांच्याशी बोलायची.

"कधी येतेस गं?"

"एवढी एक टेस्ट नीट येऊ दे अण्णा, लगेच निघते."

टेस्ट काही नीट येत नव्हती. घरामागच्या उतारावर, पावसाने निथळणाऱ्या सावलीत ती एकेक पान उजेडाकडे धरून निरखायची आणि डाग नसलेलं, भोक नसलेलं तेवढंच खुडायची. लहानपणी बेल तोडताना अण्णांनीच तिला शिकवलं होतं, किडलेलं पान देवाला चालत नाही. "पूजा मांडायचीय का?" म्हणून मी चिडवायचो, तीही हसायची. आणि अर्क दर वेळी दुबळाच निघायचा. तिने तिकीट दोनदा पुढे ढकललं.

शेवटी शेजारच्या माओरी मेरेआजींनी कुंपणावरून तिची परडी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं पोरी, भोकंवाली घे! अळीला बरोबर कळतं कुठल्या पानात जोर आहे."

वसुधाने परडी कुंपणापाशीच रिकामी केली. मग तिने अळीने चाळणी केलेली पानं वेचली, आणि त्या खेपेला विकराला खरोखर आवर बसला. आनंद करायला ती थांबली नाही. त्याच दुपारी तिकीट काढलं.

ती पोचली तेव्हा अण्णांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. त्यांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला आणि समाधानाने म्हणाले, "तशीच आहेस गं अगदी."

कानशिलावरचे पांढरे केस त्यांच्या बोटांना कळले नाहीत, आणि तिनेही सांगितले नाहीत. हे मला सांगताना ती धाय मोकलून रडली.

अण्णा गेले त्यालाही आता दिवस झाले. काळ आमच्या अंगावरून सर्वांसारखाच गेला. पण त्यांच्या आठवणीत ती, इकडे यायला निघाली त्या निरोपाच्या दिवशीच्या वयातच राहिली, आणि त्यापुढची वसुधा तिच्या बापाने कधी पाहिलीच नाही.