ममताची दमछाक

करंजीच्या अलीकडे हायवेला एक लांबट चढ आहे. मागच्या हिवाळ्यात ममता नगराळे तो चढ सायकलवरून गप्पा मारत चढायची. या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती अर्ध्यावरच उतरली आणि काहीतरी बिघडल्याचं सोंग करून खाली वाकली. कानात धडधड वाजत होती. हैदराबादकडे जाणारा एखादा ट्रक जवळून गेला की त्याच्या नुसत्या वाऱ्यानं आपण कोलमडू, असं तिला वाटत होतं.

"काय झालं गं?" पुढे गेलेले कमलाकरकाका वळून परत आले.

"चेन निसटली होती काका. बसवली."

चेन जागेवरच होती. काकांनी ते पाहिलं असावं, पण ते पुन्हा सायकलवर बसले.

काका बँकेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. ममता पांढरकवड्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात खेळ शिकवायची. दोघांची ओळख सायकलवरच झाली आणि दोघांनी मिळून एक वेड डोक्यात घेतलं होतं. फेब्रुवारीत कोकणात लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होती. समुद्रात जवळपास दोन किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल चालवायची आणि तिच्यावरून उतरल्या उतरल्या एकवीस किलोमीटर धावायचं. दोघांनीही नाव नोंदवलं होतं. कॉलेजातल्या मुली ममताला रोज विचारायच्या, "मॅडम, किती दिवस राह्यले?"

दिवस कमी होत होते आणि ममताची ताकदही. वर्गाचा जिना चढून आलं की हजेरी घेण्याआधी तिला खिडकीशी थांबावं लागे. केस गळत होते, हातपाय गार पडत होते. सराव वाढला म्हणून थकवा येतोय, असं तिनं स्वतःला समजावलं. मग सराव कमी केला, तरी थकवा होताच. त्याच्यापुढचा विचार ती करत नव्हती, कारण तो विचार भीमराजपाशी जाऊन थांबायचा.

भीमराज तिचा धाकटा भाऊ. लहानपणापासून त्याचे गुडघे सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे. कोणी वात म्हटलं, कोणी कावीळ. तो दहावीत असताना सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, असल्याचं कळलं. आई-बाबा दोघांच्याही रक्तात तो दोष निम्मा होता. त्यांना कधी त्रास झाला नव्हता, पण भीमराजच्या वाट्याला दोघांकडून आला. एकोणिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा आजार कळला तेव्हा घरातल्या बाकी सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. ममता अमरावतीला शिकत होती. "पुढच्या सुट्टीत करतो," म्हणाली आणि ती सुट्टी कधी आलीच नाही. पुढे बाबाही गेले. घरात ती आणि आई, इंदूबाई, एवढ्याच उरल्या.

ज्याच्या रक्तात हा दोष निम्मा असतो तो माणूस एरवी ठणठणीत राहतो, पण शरीर फार ताणलं तर एखाद्याला धोका होऊ शकतो, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून तपासणी आणखीच लांब गेली. रिपोर्ट वाईट आला तर स्पर्धा सुटेल, हे होतंच. पण आईला ते सांगायचं कसं, हे त्याहून जड होतं. भीमराजच्या वेळी इंदूबाई वर्षभर एकच वाक्य बोलत राहिली होती, "माह्याच रक्तातून गेलं त्याले."

डिसेंबरात धरणाच्या पाण्यात पोहायला जायचं ठरलं. सकाळचं ऊन वर आलं होतं, पाणी मात्र बोचरं होतं. दोघांनी कमरेला तरंगायचे नारिंगी फुगे बांधले आणि निघाले. सुरुवातीला ममताला बरं वाटलं. पाण्यात शरीराचं ओझं नसतं. पण मधोमध आल्यावर तिनं श्वासासाठी मान वळवली आणि श्वास आलाच नाही. म्हणजे हवा आत गेली, पण ती पुरेना. हात जड झाले. काठ दोन्हीकडे सारखाच लांब दिसत होता.

तिनं फुगा छातीशी धरला आणि ओरडली, "काका!"

काका वळले. जवळ येऊन म्हणाले, "घट्ट धर. पाठीवर हो. पोहू नको, नुसतं आभाळाकडे बघ."

तिच्या फुग्याचा पट्टा हाताला गुंडाळून ते हळूहळू तिला ओढत काठाशी घेऊन आले. वाटेत दोनदा दम घ्यायला थांबले, पण पट्टा सोडला नाही. काठावरच्या दगडांवर ममता बसली आणि रडायला लागली. काकांनी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"चेन निसटली नव्हती त्या दिवशी," ते म्हणाले.

"नाही."

"मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. आता सांग."

ती भीमराजपासून सगळं बोलली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "उद्या आपण यवतमाळला जाऊ. डॉक्टर पद्मजा माझ्या ओळखीच्या आहेत. पण आज आईला सांग. एवढं मोठं तिच्यापासून लपवून तपासायला जाऊ नको."

दुपारी इंदूबाई अंगणात तूर निवडत बसली होती. ममता तिच्याजवळ बसली आणि सांगितलं. धरणाचंही सांगितलं. इंदूबाईचा हात सुपातच थांबला. आता आई खचणार, असं ममताला वाटलं.

"मले माहीत नाई का?" इंदूबाई म्हणाली. "दोन महिन्यांपासून पाहून राह्यलो. तू झोपली का तुह्या डोयाखाली बोट लावून पाहतो, पिवये झाले का म्हणून."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"तू काहून नाई बोलली?"

 इंदूबाईनं सूप बाजूला सरकवलं आणि लेकीचा हात हातात घेतला. तो गार होता. "चाल, मीबी येतो उद्या," ती म्हणाली.

डॉक्टर पद्मजांनी छाती तपासली, नखं पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मग विचारलं, "पाळीला रक्त फार जातं का?"

"वर्षभर झालं. पण सराव वाढला म्हणून असेल..."

"आणि कच्चं काही खावंसं वाटतं? माती, बर्फ, तांदूळ?"

ममतानं मान खाली घातली. इंदूबाई मात्र खुर्चीतच पुढे सरकली. "बापा! डब्यातले तांदूय तू खातेस का व? मी उंदरांसाठी पिंजरा लावला ना!"

डॉक्टरांना हसू आवरेना. ममतालाही, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हसू आलं. रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. हृदयाची ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली होती. सिकलसेलचा रिपोर्ट यायला मात्र काही दिवस लागणार होते. ते दिवस मायलेकींनी कसेबसे काढले. इंदूबाई संध्याकाळी बुद्धविहारात जाऊन बसायची. ममता कॉलेजात मुलींना पळायला लावून स्वतः झाडाखाली उभी राहायची. घरी आल्यावर दोघी एकमेकींना जेवायचा आग्रह करायच्या आणि दोघींचंही ताट अर्धं उरायचं.

रिपोर्ट घ्यायला काकाही आले. डॉक्टरांनी कागद उलटला आणि आधी इंदूबाईकडे पाहिलं.

"सिकलसेल नाही. निम्मासुद्धा नाही. आई-वडील दोघांच्या रक्तात दोष असला, तरी प्रत्येक मुलात तो उतरतोच असं नसतं. हिच्यात उतरलेला नाही."

"माह्याकडून काहीच नाई गेलं हिले?" इंदूबाईनं विचारलं.

"ते काही नाही गेलं."

इंदूबाईनं पदर तोंडाला लावला. ती आवाज न करता रडत होती आणि मान हलवत होती. ममताला आतून काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. किती वर्षं ते आवळून धरलं होतं, हे तिला आत्ता कळलं.

"मग मला झालंय काय?" तिनं विचारलं.

"अंगात लोह उरलेलं नाही. रक्त निम्म्यावर आलंय, आणि तेवढ्या रक्तावर तुम्ही नव्वद नव्वद किलोमीटर सायकल मारताय. मला त्याचंच नवल वाटतं. सोनोग्राफीत काळजीचं काही नाही. पाळीचं औषध देते, लोह शिरेतून देऊ. दोन-तीन महिन्यांत माणसात याल."

"आणि फेब्रुवारीतली स्पर्धा?"

"या वर्षी नाही. चालायचं, जेवायचं, झोपायचं. बाकी सगळं बंद."

काकांनी चोरून ममताकडे पाहिलं. ती हिरमुसेल, असं त्यांना वाटलं होतं. पण ममता खुर्चीला पाठ टेकवून चक्क हसत होती. कोणीतरी तिला थांब म्हणावं, याची ती किती वाट बघत होती! परतीच्या वाटेवर ती काकांच्या गाडीत मागच्या सीटवर झोपून गेली आणि घर आल्यावर इंदूबाईनं तिला हलवून उठवलं.

लोहाच्या सलाईननंतर हळूहळू फरक पडत गेला. जानेवारीच्या शेवटी एक दिवस ती वर्गात शिरली, हजेरी घेतली आणि अर्धा तास झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज आपण खिडकीशी थांबलोच नाही.

फेब्रुवारीत काका कोकणात गेले तेव्हा मायलेकीही बरोबर गेल्या. मुक्कामाची खोली आधीच ठरली होती, आणि इंदूबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. पहाटे काका पाण्यात उतरले. दिवसभर दोघी वाळूवर, मग रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. ममता पोटभर जेवली, वर एक प्लेट भजी खाल्ली. स्पर्धा संपायची वेळ जवळ आली तेव्हा काका लंगडत लंगडत शेवटच्या वळणावर दिसले.

"या माणसाले घरी कोणी बोलत नाई काय?" इंदूबाई म्हणाली.

ममता ओरडत होती, टाळ्या वाजवत होती, आणि कठड्याबाहेरून त्यांच्या बरोबरीनं पळत होती. रेष ओलांडल्यावर काका तिथेच बसले. ती त्यांच्याजवळ पोचली तेव्हा तिला जेमतेम घाम आला होता.

"तू पळत आलीस," काका धापा टाकत म्हणाले.

"हो ना."

मागून इंदूबाई चपला हातात घेऊन वाळूतून येत होती. "पुढच्या साली तू उतरशीन काय यात?" तिनं लेकीला विचारलं.

"डॉक्टर म्हणाल्या तर."

"मंग मले आधी सांगजो," इंदूबाई म्हणाली आणि काकांना पाणी द्यायला वाकली.