सांगलीहून आलेला प्रश्न

माझ्या थोरल्या जावेची, आक्काताईची, लेक सृष्टी परदेशात सुरक्षेच्या मोठ्या परिषदेला गेली आणि आमच्या तासगावकडच्या गावानं स्टँडवर तिचा फ्लेक्स लावला. माझा प्रशांत सैन्यात भरती झाला तेव्हाही लावला होता, पण ह्याच्या निम्मा. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. माझा पोरगा बर्फात बंदूक घेऊन उभा, ही एसीत बसून सुरक्षेवर बोलणार, आणि हार हिच्या आईला.

परिषदेतलं तिचं बोलणं सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर लावलं होतं. आक्काताई पुढच्या खुर्चीत, पैठणी नेसून. मी मागं, माझ्या पिंकीजवळ. सरपंच लालासाहेब म्हणाले, "हितं बसून कुणालाबी प्रश्न इचारता येतोय. मोबाईलवरनं पाठवा."

मला तेवढंच पाहिजे होतं. पिंकीला म्हटलं, "लिव्ह. हिच्या घरातलं कोण सीमेवर उभं हाय, म्हणून ही सुरक्षेवर बोलतीया?"

"आगं आई, आपली सृष्टीताई हाय ती."

"लिव्ह म्हंते न्हवं."

"नाव घालू?"

"नगं. सांगली एवढंच घाल."

पिंकीनं तोंड वाकडं करून इंग्रजीत लिहिलं. ढीगभर प्रश्न आले असतील, पण पडद्यावरच्या गोऱ्या बाईनं नेमका माझाच उचलला. सांगलीचं नाव ऐकून हॉलमध्ये कुजबुज झाली. मी पदर सावरून बसले. आता हिची बोबडी वळणार, असं मला वाटलं.

सृष्टीनं माईक जवळ ओढला. आधी इंग्रजीत बोलली, मग गावासाठी मराठीत. "माझा भाऊ उभा आहे. अवेळी फोन वाजला की आमच्या घरात तो उचलायला कुणाचा हात धजत नाही. ती भीती इथं कुणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून मी बोलते."

हॉल टाळ्यांनी दणाणला. भाऊ म्हणे. चुलतसुद्धा म्हणाली नाही. पोटात मी वाढवला, फोनला घाबरते मी, आणि ही आयत्या बिळावर नागोबा. लालासाहेबांनी आक्काताईला पेढा भरवला. नंतर कुणालातरी माझी आठवण झाली आणि मलाही अर्धा मिळाला.

घरी आलो तोवर प्रशांतचा फोन आला. पिंकीनं स्पीकरवर टाकला.

"आई, सृष्टीला बघितलंस का? हितं आमी समद्यांनी मोबाईलवर बघितलं. म्या सांगितलं, माझी भन हाय. लय बरं वाटलं बघ."

"बघितलं की."

"आन त्यो कुजका प्रश्न कुणी इचारला असंल गं? आपल्याच सांगलीचं हाय कोणतरी. असल्याच्या घरातलं कुणी कवा सीमेवर गेलंच नसंल."

पिंकी माझ्याकडं बघत होती.

"नसंल बाबा," मी म्हटलं.