वायरींना घातलेल्या चुण्या

मित्रांनो, तुम्ही माझं तोंड कधी पाहिलं नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. संगणकाच्या पोटात मागच्या कोपऱ्यात बसतो तो विटेपेक्षा जरा थोराड लोखंडी डबा. दुरुस्तीच्या दुकानात मला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारी वीज भारी तापट असते. ती आहे तशी मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डाला दिली, तर बिचाऱ्याचा कोळसाच होईल. मी तिला शांत करतो, तिचे लहान लहान घास करतो आणि ज्याला जेवढा पचेल तेवढा भरवतो. मदरबोर्डला वेगळा, डिस्कला वेगळा, पंख्यांना वेगळा. एवढ्या सगळ्यांपर्यंत पोहोचायचं म्हणून माझ्या एका बाजूने वायरींचा जाडजूड झुपका बाहेर पडतो. पुढे सगळा घोळ घातला तो या झुपक्यानेच.

माझा जन्म कारखान्यातला. कोणी माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळून बसवली, कोणी सोल्डरिंग केलं, कोणी पाठीवर पंखा फिरवून कान लावून ऐकलं. तिथून मी एका मोठ्या काळ्या कॅबिनेटमध्ये बसलो आणि कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला लागलो.

तिथे शिवणाऱ्या पुष्कळ जणी होत्या, पण बेतणारी एकच. कापडाला कात्री लावण्याआधी प्रत्येक कपड्याचा फर्मा लागतो, म्हणजे पाठ, पुढा, बाही, कॉलर यांचे मापात कापलेले कागद. ते सगळे ती आमच्या संगणकावर आखायची. मी तिला मनातल्या मनात बेतणारीच म्हणतो. शिवणकामाच्या खोलीत हवेपेक्षा धागेच जास्त उडतात. माझ्या पंख्यावर त्यांची अशी गोधडी जमायची की मला धाप लागे. बाकीच्यांना वाटायचं, मशीन म्हातारं झालं. ही मात्र दर महिन्याला मऊ कुंचला घेऊन यायची आणि माझी पाती एकेक करून पुसायची. "घे बाबा, घे जरा श्वास," म्हणायची. लोखंडाच्या डब्याशी कोणी असं बोलतं का? ती बोलायची.

पुढे तिला मुलगी झाली. कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "मशीन घरी घेऊन जा आणि घरूनच फर्मे पाठव. कारखान्यात आता नवीन आलंच आहे." अशी आमची वरात दोन खोल्यांच्या त्या घरात आली. घरात ती, तिचा नवरा, सासूबाई आणि ते बाळ. नवरा बेकरीची गाडी चालवायचा. सासूबाई गुडघ्यांनी बेजार होत्या, पण त्यांची जीभ अगदी ठणठणीत होती. बाळ एका जागी म्हणून ठरायचं नाही, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणत.

भिंगरी जोवर पाळण्यात होती तोवर सगळं ठीक होतं. मग ती रांगायला लागली.

मित्रांनो, टेबलाखालच्या त्या काळ्या कॅबिनेटला एक गोल बटण होतं आणि त्यात निळा दिवा लागायचा. रांगणाऱ्या बाळाला आणखी काय हवं? एका सकाळी बेतणारी शाळेच्या गणवेशाचा कोट आखत होती. मधूनमधून काम जतन करायची तिला सवय होती, पण बाळ कडेवर घेऊन काम करताना एकच हात उरतो, आणि तो हात आखण्यात गुंतलेला. तिने भिंगरीला क्षणभर खाली ठेवलं. भिंगरी टेबलाखाली शिरली, बटणावर पंजा दाबला आणि तो सोडेचना. पडदा काळा. कोट गेला.

"अगं ठमाबाई!" एवढंच बेतणारी म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून आखायला बसली.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. या वेळी मालकीणबाईंचा फोन आला.

"अगं, दुसऱ्यांदा झालं हे. सोमवारी सकाळी गणवेशाचं कापड टेबलावर अंथरायचंय. फर्मे नसतील तर इथे बायका हातावर हात ठेवून बसतील. जमत नसेल तर मोकळेपणी सांग, मी दुसरीला देते. रागावले नाही हं मी. मलाही मुलं झालीच की."

"जमेल, बाई."

"कसं?"

"ते नाही माहीत अजून. पण जमेल."

बटणावर चिकटपट्टी लावून झाली, ती भिंगरीने सोलली. मशीन टेबलावर ठेवून पाहिलं, तर कागद पसरायला जागा राहिना. आणि मग भिंगरीने भिंतीतून माझ्याकडे येणारी वायर ओढून तोंडात घातली. ते पाहून माझा जीव कसा झाला असेल! वीज जिच्यातून धावते ती वायर, आणि तिच्यावर ते दोन नवे दात! बेतणारीने झडप घालून तिला उचललं.

"ते धूड घराबाहेर काढ," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर काम तरी सोड. माझ्या गुडघ्यांत धावायची ताकद असती तर बोलले नसते गं. पण दुपारभर हिच्यामागे धावायला मी काय विशीतली आहे?"

"आई, दोन्ही सांभाळायचं आहे मला. हिलाही आणि कामालाही. याच खोलीत."

टेबलाच्या वर भिंतीत एक फळी होती. तिथवर भिंगरीचा हात जाणार नव्हता. पण फळी अरुंद, आणि आमचं कॅबिनेट बकरीएवढं. नवऱ्याने ते उचलून टेकवून पाहिलं, तर अर्धं बाहेर. "हे पडलं ना, तर आपल्याला टेबलासकट घेऊन जाईल," तो म्हणाला. नवा छोटा संगणक घ्यावा, तर पैशांची तंगी. तेव्हा बेतणारीने ठरवलं, जीव जुनाच ठेवायचा, फक्त अंगरखा लहान करायचा.

आता तिची अक्कल बघा. तिने कॅबिनेटचं एक दार काढलं आणि टेप घेऊन आमच्या प्रत्येकाचं माप घेतलं. लांबी, रुंदी, उंची. मग पुठ्ठे कापून तिने आमचे फर्मे केले! पुठ्ठ्याचा मदरबोर्ड, पुठ्ठ्याची डिस्क, पुठ्ठ्याचा मी. चार बाजू दुमडून केलेला माझा डबा तर इतका सुबक होता की मलाच माझा हेवा वाटला. हे सगळं पिशवीत घालून ती दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथे कधीकाळी दवाखान्याच्या काउंटरवर असलेलं एक छोटं कॅबिनेट धूळ खात पडलं होतं. पुढे काय झालं ते तिने घरी येऊन हसत हसत सांगितलं, ते असं.

तिने दुकानदारासमोर पिशवी उघडली आणि पुठ्ठ्याचे तुकडे एकेक करून त्या कॅबिनेटमध्ये बसवायला लागली.

"ताई, संगणकाला झगा शिवताय की काय?"

"कापून पस्तावण्यापेक्षा मोजून हसलेलं बरं, काका."

"बसतंय खरं सगळं. पण दाटीवाटी होईल. जुना सप्लाय कशाला ठेवता? छोटा नवीन घ्या."

"त्याला काय झालंय? एकदाही दगा नाही दिला त्याने."

मित्रांनो, कित्येक वर्षं मी राबलो, पण माझ्या बाजूने कोणी दुकानदाराशी वाद घालावा असं कधी झालं नव्हतं.

शनिवारी नवऱ्याची सुट्टी होती. दुपारी भिंगरी झोपली आणि दोघांनी जमिनीवर चादर अंथरून जुनं कॅबिनेट आणि दुकानातून आणलेलं ते छोटं शेजारी शेजारी ठेवलं. निघालेला प्रत्येक स्क्रू बेतणारीने बटणांच्या डब्यात ठेवला, मदरबोर्डचे एका खणात, डिस्कचे दुसऱ्यात. मदरबोर्डला हात लावण्याआधी ती दर वेळी माझ्या लोखंडी अंगाला बोट टेकवायची, म्हणजे आपल्या अंगातल्या विजेचा चटका त्याला बसू नये. आधी छोट्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड टेकवायचे पितळी पाय बसले, त्यांवर मदरबोर्ड. मग डिस्क. शेवटी मी. चपखल! पुठ्ठ्याने सांगितलं होतं तसंच, तसूभरही फरक नाही.

आणि मग दार लागेना.

माझ्या वायरींचा झुपका मध्येच फुगून बसला होता. जुन्या कॅबिनेटमध्ये तो ऐसपैस लोळायचा, इथे त्याला पाय पसरायलाही जागा नव्हती. बेतणारी त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने कपाळावर हात मारला.

"डब्याचा फर्मा केला मी. वायरींचा केलाच नाही! कपड्यात शिवणीसाठी जास्तीची माया सोडायला कधी विसरले नाही, आणि इथे..."

"थांब, गुडघा देऊन दाबतो," नवरा म्हणाला.

"नको. दाबून बसवलेला कपडा पहिल्याच वाकण्यात उसवतो."

"मग या चार-पाच तर नुसत्याच लोंबताहेत. पक्कड आणू? छाटून टाकू."

मला दरदरून घाम फुटला असता, पण आम्हाला तो फुटत नाही.

"पक्कड खाली ठेव आधी," ती म्हणाली. "कापलेलं परत जोडता येत नाही. आज नाही लागत, उद्या दुसरी डिस्क लावली तर?"

"सोमवार आलाय डोक्यावर. दुकान उघडं आहे तोवर जाऊन तो छोटा सप्लाय घेऊन येऊ का? काहीतरी जुळवू."

तिने मला कॅबिनेटमधून परत बाहेर काढलं. मांडीवर घेतलं. माझ्या मनात आलं, नेऊ दे बिचारीला माझ्याऐवजी दुसरा. तिचं काम राहिलं पाहिजे. पण खरं सांगू का? त्या मांडीवरून उतरायचं माझ्या जिवावर आलं होतं.

टेबलावर गणवेशाच्या स्कर्टचा अर्धवट फर्मा पडला होता. तिची नजर त्यावर गेली. मग माझ्या झुपक्यावर. मग परत स्कर्टवर.

"हे बघ," ती हळूच म्हणाली. "घेर मोठा आणि कंबर बारीक असली की काय करतात?"

"मला काय विचारतेस? मी पाव पोहोचवतो."

"चुण्या घालतात, रे!"

तिने माझ्या वायरींवरचे सगळे बंद सोडले. गुंडाळी झाली की वायर फुगते, पण एकीशेजारी एक निजवली की ती कागदासारखी सपाट होते. तिने एकेक वायर बोटाने सरळ केली, ओळीने मांडली आणि स्कर्टच्या चुण्या घालतात तशा घड्या घातल्या. एक इकडे, एक तिकडे. प्रत्येक घडी सुती पट्टीने बांधली, घट्ट नाही, धावदोरा घालावा इतकी हलकी. मग मला परत जागेवर बसवून लागणाऱ्या वायरी मदरबोर्डच्या मागच्या पोकळीतून नेल्या. न लागणाऱ्या चुण्या जुन्या सीडीच्या रिकाम्या कप्प्यात निजवल्या. आणि माझ्या पंख्यासमोर एकही वायर येऊ दिली नाही. मध्ये भिंगरी उठली, तेव्हा तिला एका मांडीवर बसवून, हातात रिकामं रीळ देऊन, ही दुसऱ्या मांडीवर माझ्या चुण्या घालत राहिली. इतकं देखणं मला आजवर कोणी नेसवलं नव्हतं!

दार लागलं. चट्. ना गुडघा लागला, ना पक्कड.

छोटं कॅबिनेट फळीवर चढलं. नवऱ्याने वायर जोडून कॅबिनेटचं बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. पडदा काळाच. बेतणारीचा चेहरा उतरला. मी आतून ओरडत होतो, "अगं, माझ्यापर्यंत वीजच आली नाही!" पण माझं ऐकणार कोण?

"काय झालं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"चालू होत नाही, आई."

"होईल कसं? भिंतीवरचं बटण मी बंद केलंय. तुम्ही दोघं वायरींशी खेळताय, घरात लहान मूल आहे. एवढंही कळत नाही का?"

नवरा खो खो हसत सुटला. बेतणारी आधी रडली, मग हसली. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवत उठल्या आणि स्वतः भिंतीवरचं बटण दाबलं. वीज माझ्यापर्यंत आली, मी तिचे घास केले, आणि पडदा उजळला.

रविवारी दिवसभर बेतणारी आखत बसली. भिंगरी टेबलाखाली गेली, इकडेतिकडे बघितलं, तर बटण नाही, वायर नाही, नुसती मोकळी जागा. सासूबाईंनी तिथे घडी घालून दुपटं टाकलं. सोमवारी दुपारी मालकीणबाईंचा फोन आला.

"फर्मे मिळाले गं. स्कर्टच्या चुण्या झकास बसल्यात. हिवाळी कोटांचं काम आलंय, तेही तुझ्याकडेच पाठवते. बाळ काय म्हणतंय?"

"टेबलाखाली आहे, बाई. तिथेच रमलीय."

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. तुमच्या घरातलं एखादं जुनं यंत्र दमल्यासारखं वाटलं, तर त्याला म्हातारं म्हणण्याआधी त्याच्या पंख्यावरची धूळ झटका. झटकण्याआधी भिंतीवरचं बटण मात्र मोठ्यांकडून बंद करून घ्या, आमच्या सासूबाईंसारखं. आणि कोणासाठी जागा करायची झाली, मग ती वस्तू असो की माणूस, तर नुसता डबा मोजू नका. त्याच्याबरोबर येणारा सगळा पसारा मोजा. तो छाटायची घाई करू नका. जरा बसून बघितलं, तर तोही कुठेतरी मावतो.

टेबलाखाली होतो तोवर कामाच्या वेळी मला बेतणारीची पावलंच काय ती दिसायची. आता फळीवरून मला तिचा चेहरा दिसतो. आखताना ती ओठ दाताखाली धरते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. या घटकेला ती कोटाची बाही आखते आहे. खाली भिंगरी तिच्या पायाचा अंगठा मुठीत धरून झोपली आहे, आणि आईने तो पाय मघापासून हलवलेला नाही. मीही माझा पंखा अगदी हळू फिरवतो आहे.