काचेआडची भूक

मित्रांनो, सलूनमध्ये शिरलं की डाव्या हाताला आरशांची रांग लागते. तिच्या बरोबर समोर, लोखंडी स्टँडवर, एक म्हातारी काचेची टाकी आहे. ती मी. माझ्या सांध्यांतलं सिलिकॉन पिवळं पडलंय आणि तळाचे शेवाळाचे डाग आता कितीही घासले तरी निघत नाहीत. गिऱ्हाइकं मान वर करून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "हिच्यात काही आहे का हो?" आहे. पण ते लगेच दिसत नाही.

एका काचवाल्यानं मला घडवलं. काचा कापून त्यानं कडा घासल्या, सांधे भरले आणि पाणी ओतून मला कागदावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी कागद कोरडाच्या कोरडा निघाला. माझ्यावर थाप मारत तो म्हणाला, "झकास! आता हिच्यात काय वाटेल ते ठेवा." मी नवीन होते, मला ते कौतुक वाटलं.

सलूनच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. कात्री चालवताना तोंडही तितकंच चालवणारा, दिलदार माणूस. समोरच्या फुटपाथवर नवं, चकचकीत सलून उघडलं आणि उस्तादाच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. मग कुणाकडेही नाही असं काहीतरी आणायचं म्हणून तो मासेवाल्याकडे गेला आणि पिशवीतून पाच पिरान्हा, धारदार दातांचे मांसखाऊ मासे, घेऊन आला.

अंगठ्याएवढे होते ते. चंदेरी अंग, त्यावर काळे ठिपके. पाण्यात सोडल्यावर एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून थरथरत राहिले. भयंकर म्हणून आणलेली ती पोरं इतकी भित्री होती की उस्तादानं ड्रायर सुरू केला तरी त्यांची पळापळ व्हायची.

मासेवाला टाकी बसवायला स्वतः आला होता. तो म्हणाला, "उस्ताद, वाढीचं वय आहे यांचं. दिवसातून दोनदा, पण थोडं थोडं घाला. कधी मासळीचा तुकडा, कधी कोळंबी, कधी गांडूळ, आणि गोळ्या रोज. नुसती कोंबडी नको, चरबी चढते. उपाशी तर ठेवूच नका. उपाशी पिरान्हा शेजाऱ्याकडे बघायला लागतो."

"मग आमच्यासारखाच की," उस्ताद समोरच्या सलूनकडे हनुवटी उडवत म्हणाला.

सुरुवातीला त्यानं सगळं नीट केलं. पाचही मासे सारखे वाढले. कुणी मागे राहिला नाही, कुणाचा पर फाटला नाही. पोटावर लाली चढू लागली. समोरच्या आरशांत ते पाचाचे पन्नास दिसायचे. ते माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस.

मग उस्ताद लग्नाला परगावी गेला आणि सलून बरेच दिवस बंद राहिलं. परत आल्यावर त्यानं घाईघाईनं कोंबडीचा तुकडा टाकला. माझं पाणी उकळल्यासारखं झालं. खुर्चीत बसलेला गॅरेजवाला अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठला आणि ओरडला, "बाप रे! उस्ताद, पुन्हा टाका की!"

त्या "पुन्हा"नं घात केला, मित्रांनो. भरल्या पोटाचे मासे सावकाश खातात, ते बघायला कोण थांबणार? दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लागली. रविवारी पिरान्हांचं जेवण. आठवडाभर मासे उपाशी आणि रविवारी कातडीसकट कोंबडी. खुर्च्या भरल्या, बाकं भरली, पोरं काचेला नाकं लावून उभी राहू लागली.

आणि माझ्या आत वाढीचं गणित बिघडलं. एक मासा आधीपासून चपळ होता, रविवारचा मोठा वाटा तोच ओढायचा. तो फुगत गेला. बाकीचे जिथल्या तिथे राहिले. त्यांचं अंग आटलं, डोळे मात्र मोठे दिसू लागले. सोमवारी कुणाची तरी शेपटी कुरतडलेली असायची, गुरुवारी परही नसायचा. एका सकाळी ते चार होते. पुढे तीन. मग दोन.

"अहो, मासे कमी कसे झाले?" कुणीतरी विचारलं.

"मेले असतील," उस्ताद म्हणाला. त्यानं त्या मोठ्याकडे बोट दाखवलं. "पण हा बघा! काय पोसलाय!"

सगळे वाहवा करत होते. तो कशावर पोसला होता हे मी पाहिलं होतं, आणि मला तोंड नव्हतं. पिरान्हा खर्जात आवाज काढतात, बेडकासारखा. माणसांना तो क्वचितच ऐकू येतो, माझ्या काचेला मात्र तो जाणवतो. गेलेल्या तिघांचे आवाज मला वेगवेगळे ओळखू यायचे. दुपारी सलून शांत झालं की ते अजूनही काचेत उमटल्यासारखे वाटतात. पाणी हलत नाही, पण काच थरथरते.

उस्तादाची आई वरच्या मजल्यावर राहायची. सगळे तिला आजी म्हणत. उंच, रुंद हाडाची बाई. गुडघ्यांमुळे ती जिना उतरायची नाही. एका दुपारी मात्र गर्मी असह्य झाली म्हणून ती खाली पंख्याखाली येऊन बसली. गिऱ्हाईक नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मोठा मासा मधोमध तरंगत होता. लहान मासा फिल्टरच्या नळीमागे होता.

"बाळा," ती म्हणाली, "हा लहानगा खायला कधी येतो?"

"येत नाही गं. उरलंसुरलं खातो."

"तो खाण्याकडे बघतच नाही. त्या मोठ्याकडे बघतोय." तिचा आवाज बदलला. "माझा भाऊ असाच बसायचा."

"तुला भाऊ होता?" कंगवा पुसणारा उस्तादाचा हात थांबला.

"होता. आमच्या लहानपणी एक वर्ष असं आलं की घरात दाणा नव्हता. जे काही शिजेल ते आई माझ्या पुढ्यात ठेवायची. मी थोरली. निदान ही जगेल, असं तिनं ठरवलं असणार. भाऊ दाराआड बसायचा. ताटाकडे नाही, माझ्याकडे बघायचा. मी वाढले, तो तेवढाच राहिला. मग एक दिवस दाराआड कुणी नव्हतं." तिनं माझ्या काचेवर हात ठेवला. तो गार पडला होता. "लोक म्हणतात, काय तब्येत आहे म्हातारीची! मला ते ऐकवत नाही रे. हा तमाशा बंद कर."

उस्तादानं कंगवा खाली ठेवला. त्यानं बाहेर जाऊन पाटी काढली. संध्याकाळी मासेवाल्याला बोलावून माझ्या मधोमध जाळी बसवली. एका बाजूला मोठा, एका बाजूला लहान. रविवारी लोक जमले आणि तक्रार करत पांगले. काही पुन्हा आलेच नाहीत. गॅरेजवाला तेवढा येत राहिला. "दाढी तर करायचीच आहे," तो म्हणाला.

आता दोघांनाही ठरल्या वेळी सगळं मिळू लागलं. मासळी, कोळंबी, गोळ्या, मटारचे दाणे. पण मोठ्याला उशीर झाला होता. चरबीनं त्याचं अंग तट्ट फुगलेलं, पोहताना एका कुशीवर कलायचा. पावसाळ्यातच तो पोट वर करून तरंगला. मासेवाल्यानं त्याला जाळ्यानं उचललं आणि मान हलवली. "वरून पैलवान, आतून पोखरलेला."

"आणि हा?" जिन्याच्या तोंडाशी उभी राहून आजीनं विचारलं.

"हा जगेल. पण वाढायच्या वयात जी वाढ राहिली ती आता भरून यायची नाही, आजी. एवढाच राहील."

जाळी काढली. सगळी टाकी त्या एकट्याची झाली. तरीही तो नळीमागून हलेना. घास टाकला की समोर उभ्या माणसाकडे टक लावून बघायचा आणि घास तळाशी जाऊन सडायचा. उस्तादानं दिवा मंद केला, घास नळीजवळ टाकून पाहिला. काही उपयोग झाला नाही. मासा पुन्हा आटू लागला, त्याची पाठ वाकली.

मग आजीनं एक गोष्ट केली. ती आता रोज दोन वेळा कठडा धरत, एकेक पायरी थांबत खाली येते. कोळंबीचा बारीक तुकडा पाण्यात सोडते, खुर्ची फिरवते आणि माझ्याकडे पाठ करून बसते. मागे वळून बघत नाही. उस्तादालाही बघू देत नाही.

मित्रांनो, तुम्ही घरी मासा आणलात, पाखरू आणलंत, तर त्याची भूक हा तुमचा खेळ करू नका. त्याच्या वाढीच्या दिवसांत त्याला वेळेवर, पुरेसं आणि निरनिराळं खाऊ घाला. ते दिवस परत येत नाहीत.

खुर्चीत आजी ताठ बसलेली असते. हात मांडीवर घट्ट धरलेले. बराच वेळ काही होत नाही. मग नळीमागून तो वाकड्या पाठीचा मासा निघतो, इकडेतिकडे बघतो आणि खाऊ लागतो. पाण्याचा बारीकसा आवाज होतो. आजीला तो ऐकू येतो. ती डोळे मिटते आणि अगदी हळू, कुणाला तरी सांगावं तसं म्हणते, "जेव बाबा. मी बघत नाहीये."